कर्नाळा अभयारण्य: किल्ला न चढता, लहान मुलं आणि आजींना घेऊन जमेल का?

रेवती_ठाणे

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या सुरुवातीला एखादा रविवार गाठून कर्नाळ्याला जायचं मनात आहे. आम्ही पाच जण. मी, नवरा, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचारचा आणि सासूबाई, त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत, सपाटीवर तासभर आरामात चालतात पण चढउतार म्हटलं की गुडघा बोलायला लागतो. मुलीला शाळेत पक्ष्यांवर प्रोजेक्ट दिलाय आणि तिने राज्यपक्षी म्हणून हरियाल निवडलाय, तेव्हापासून रोज विचारतेय की तो खरा कुठे बघायला मिळेल, आमच्या गॅलरीतून कबुतरं आणि कावळे सोडून फारसं काही दिसत नाही म्हणून म्हटलं एकदा जंगलात नेऊया.

नेटवर शोधलं तर जो तो किल्ल्याबद्दलच लिहितो, सुळका, घसारा, किती तास लागले वगैरे. आम्हाला किल्ला नकोय. खालच्या खाली चालण्यासारखं काही आहे का, की किल्ला करायचा नसेल तर एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही? साडेचार वर्षांचा मुलगा कडेवर न घेता चालेल का? गाडी आहे पण रविवारी नवऱ्याला ड्रायव्हिंगमधून सुट्टी द्यावी असं वाटतंय, तर ट्रेन आणि एसटीने जमतं का? खायला आत नेऊ देतात का? आणि अगदी खरं सांगा, पक्षी दिसतात ना, कारण मुलगी फार आशेने येणार आहे.

रानवाटा

रेवतीताई, जरूर जा. किल्ला नको हे आधीच ठरवलंय ते उत्तम केलंत, कारण बहुतेक लोक गेटमधून आत शिरले की मान वर करून सुळक्याकडे बघत सुटतात आणि ज्या पक्ष्यांसाठी १९६८ साली हे अभयारण्य केलं ते खालच्या झाडीतच राहून जातात. सगळं मिळून क्षेत्र १२ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अभयारण्य म्हणून अगदी छोटं, पण त्यात पक्ष्यांची विविधता थक्क करणारी आहे. एका अंगाला कोकणाची सपाटी, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीच्या बाजूचे डोंगर, मध्ये ओढे आणि साग, ऐन, किंजळ, उंबर अशी मिश्र झाडी, त्यामुळे झाडाच्या शेंड्यावरचे पक्षी वेगळे, मधल्या फांद्यांवरचे वेगळे आणि खाली पालापाचोळ्यात खुडबुड करणारे वेगळे.

आत दोन निसर्गवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका. हरियाल छोटी आणि तुमच्यासाठी तीच. हो, तुमच्या लेकीच्या पक्ष्याचंच नाव आहे वाटेला, तिला हे आधी सांगू नका, तिथे पाटी बघून कळू दे. मोरटाका लांब आहे, मोठ्यांचा ग्रुप असेल तर मजा येते पण लहान मूल आणि आजी बरोबर असताना तिच्या नादी लागू नये. हरियाल वाटेवरपण दगड, झाडांची मुळं, थोडा चढउतार आहेच, बागेतल्या फरशीसारखं नाही, तेव्हा आजींच्या हातात एक काठी द्या आणि जिथे नको वाटेल तिथून सरळ मागे फिरा. गेटजवळच्या मोकळ्या भागात बसूनसुद्धा पुष्कळ पक्षी दिसतात, त्यामुळे त्या मागे थांबल्या तरी त्यांचा दिवस फुकट जाणार नाही.

आता पक्षी दिसतात का. दिसतात, पण वेळेवर गेलात तर. साधारण सातच्या सुमाराला आत सोडतात, तेव्हा गेटवर हजर असाल तर पुढचे दोन तास तुमचे. दहा साडेदहा झाले की ऊन चढतं, पक्षी गप्प होतात आणि त्याच वेळी पिकनिकचे ग्रुप यायला लागतात. लोक अकराला पोचतात, दीडपर्यंत फिरतात आणि घरी जाऊन सांगतात की कर्नाळ्यात आता काही उरलं नाही.

दुसरं म्हणजे चालू नका, थांबा. दहा पावलं चाललात की दोन मिनिटं उभं राहायचं, बोलायचं नाही. आधी आवाज येतो, मग पान हलतं, मग पक्षी दिसतो, असाच क्रम असतो. डिसेंबरात स्वर्गीय नर्तक दिसण्याची चांगली शक्यता आहे, नर पांढराशुभ्र आणि शेपटीला दोन लांब फिती, मादी आणि लहान नर तांबूस असतात तेव्हा तांबूस दिसला तर वेगळा पक्षी समजू नका. शामा सावलीतल्या झुडपात गातो, दिसायला जरा कठीण पण एकदा गाणं ऐकलं की लक्षात राहतं. भृंगराज कोतवाल, ज्याच्या शेपटीच्या टोकाला दोन पिसं लोंबतात, तो मुलांना ओळखायला सगळ्यात सोपा. हळद्या, सुभग, निखार, शिपाई बुलबुल, सुतार, तांबट हे सहज. आकाशात घिरट्या घालणारा सर्पगरुड दिसेल, त्याची शीळ लांबून ऐकू येते.

हरियालचं मात्र स्पष्ट सांगतो. अख्खा हिरवा पिवळा पक्षी, हिरव्या पानांत बसलेला, तो उडाल्याशिवाय कळत नाही. वाटेने चालताना शोधण्यापेक्षा फळलेला उंबर, पिंपळ किंवा वड शोधा आणि खाली उभे राहा. वरून फळं टपकत असतील पण वारा नसेल तर वर कोणीतरी खातंय. मग दुर्बिणीने फांदी फांदी बघायची. त्याचे पाय पिवळे असतात, लेकीला ही खूण सांगून ठेवा. जमिनीवर तो फारसा उतरत नाही. त्या दिवशी नाहीच दिसला तरी तिला हे सगळं माहीत झालेलं असेल, प्रोजेक्टमध्ये लिहायला ते पुष्कळ आहे.

पनवेलकर_जुना

ट्रेन एसटीने छान जमतं ताई. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची पनवेल लोकल धरा, थेट येते. पनवेल स्टेशनहून एसटी स्टँडला रिक्षा करा, आजी आहेत म्हणून, नाहीतर चालत पण जातात लोक. स्टँडवरून पेणकडे जाणारी गाडी, कर्नाळा १२-१३ किलोमीटर आहे. बसण्याआधी कंडक्टरला विचारा कर्नाळ्याला थांबवणार का, लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत, साध्या गाड्या थांबतात. सासूबाईंचं आधार कार्ड जवळ ठेवा, ६५ ते ७५ वयाला एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि बायकांना तसंही अर्धं तिकीट आहेच. पण सातला गेटवर पोचायचं म्हणजे ठाण्याहून पहाटेची लोकल, साडेचार वर्षांच्या पोराला एवढं लवकर उठवणं जमेल का ते तुम्ही बघा. नाही जमलं तर गाडीनेच या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हा मुंबई गोवा हायवे आहे आणि तो अभयारण्याच्या मधूनच जातो. गाड्या सुसाट असतात. जाताना किंवा येताना एकदा तरी रस्ता ओलांडावा लागणारच, तेव्हा मुलांचे हात घट्ट धरा, घाई करू नका, दोन गाड्या चुकल्या तरी चालतील. हायवेचा आवाज खालच्या वाटेवर सुरुवातीला ऐकू येतो, जरा आत गेलं की कमी होतो. रुंदीकरणाच्या वेळी इथून रस्ता कसा न्यायचा यावर बरीच वर्षं वाद चालला, कारण इथली झाडं नुसती रस्त्याच्या कडेची झाडं नाहीत, दोन्ही बाजूचं जंगल त्यांच्यामुळे जोडलेलं आहे. आम्ही लहानपणी पेणला जायचो तेव्हा कर्नाळा खिंडीत शिरलं की उन्हाळ्यातसुद्धा गाडीत गार वारा यायचा.

परत येताना वेळ असेल तर शिरढोणला थांबा, कर्नाळा आणि पनवेलच्या मध्येच आहे. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव, १८४५ साली तिथे जन्म झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. आजींना किल्ला चढता येणार नाही, पण खालून सुळका दाखवून त्या घरातल्या मुलाची गोष्ट नातवंडांना सांगता येईल ना.

खायचं म्हणाल तर नाश्ता पनवेलला करून घ्या, जेवण परतीला हायवेवर. जानेवारी फेब्रुवारीत येणार असाल तर आमच्या रायगडची पोपटी मिळते ठिकठिकाणी, वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजलेल्या, पण डिसेंबरच्या सुरुवातीला शेंगा नुकत्या येत असतात.

दोन_पोरांची_आई

आम्ही माझी मुलं पाच आणि आठची असताना गेलो होतो आणि अजून त्यांना ते आठवतं, म्हणून लिहितेय. साडेचारचा मुलगा चालेल हो, फक्त त्याला चालवायचं नाही, त्याला काम द्यायचं. माझ्या धाकट्याला पक्षी वगैरे काही दिसत नव्हते, दुर्बीण डोळ्याला लावून तो जमिनीकडे बघायचा, पण मुंग्यांची वारुळं, गोगलगाय, सुकलेल्या शेंगा, आणि सगळ्यात जास्त कोळी. पावसाळ्यानंतर त्या वाटांवर जायंट वुड स्पायडरची मोठमोठी जाळी असतात, दोन झाडांच्या मध्ये, त्यातली मादी तळहाताएवढी आणि नर इतका लहानसा की त्याच जाळ्यात असूनही पटकन दिसत नाही. मुलं अर्धा तास तिथून हलली नाहीत. डिसेंबरात थोडी कमी होतात पण बघा, सकाळच्या उन्हात जाळं सोनेरी दिसतं. फक्त काठीने तोडू देऊ नका, आणि पुढे चालणाऱ्याने वर बघत चालायचं नाहीतर चेहऱ्यावर येतं.

मोठीसाठी एक आयडिया. तिने राज्यपक्षी निवडलाय ना, मग राज्यफुलपाखरू पण शोधू दे. नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून आपलं राज्यफुलपाखरू आहे, काळं मखमली आणि मागच्या पंखांवर निळा पट्टा, आकाराने मोठं त्यामुळे चुकत नाही. ऊन आलं की ही बाहेर पडतात, म्हणजे पक्षी गप्प झाले की मुलांना दुसरं काम तयार. ताम्हण हे राज्यफूल, त्याचं झाड पण ओळखायला शिकवा, फुलं एप्रिल मे मधे येतात तेव्हा आत्ता नुसती सुकलेली बोंडं दिसतील.

बाकी सामान. बूट पाहिजेतच, चपला नकोत. पूर्ण बाह्यांचे मातकट हिरवट रंगाचे कपडे, लाल केशरी पांढरे नको. मच्छर असतात, ओडोमॉस लावून घ्या. पाणी भरपूर न्या कारण आतल्या वाटेवर पाणी मिळेल या भरवशावर राहू नये. गेटवर बॅगा तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून डिपॉझिट घेतात आणि परत येताना तेवढ्या बाटल्या दाखवल्या की पैसे परत. स्टीलच्या बाटल्या आणि डबे नेले की तो प्रश्नच येत नाही. वेफर्सची पाकिटं तर अजिबात नको, एक तर कचरा आणि दुसरं म्हणजे माकडं. त्यांना पाकिटाचा आवाज कळतो, लहान मुलाच्या हातून हिसकावून घेतात आणि मूल घाबरून पुढे अख्खा दिवस रडत राहतं. आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती, ती बाहेर येऊन खाल्ली. वाटेवर फक्त खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू, ते पण खिशातून गुपचूप.

टॉयलेट गेटजवळ आहे, आत वाट सुरू झाली की नाही, तेव्हा सगळ्यांना आधीच जायला लावा.

गडवेडा

सगळे किल्ल्याच्या विरोधात बोलतायत म्हणून थोडं लिहितो. नऊ वर्षांची मुलगी असेल तर बाबांनी तिला घेऊन वर जायला काही हरकत नाही असं माझं मत आहे, मी पुतण्याला त्याच वयात नेलं होतं. चढायला दीड दोन तास, वाट मळलेली आहे, झाडीतून जाते त्यामुळे बराच वेळ सावली. सुळक्याच्या पोटात पाण्याची खोदलेली टाकी आहेत ती बघण्यासारखी आहेत, दरवाजे आहेत, आणि वरून दिसणारा मुलूख बघितला की कळतं हा किल्ला इथे का. बोरघाटातून उतरून पनवेल, चौलच्या बंदरांकडे जाणारी वाट नजरेत राहते. शिवाजी महाराजांनी १६५७ ला घेतला, १६६५ ला पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला, १६७० ला परत स्वराज्यात आला. नऊ वर्षांच्या मुलीला ही गोष्ट तिथे उभं राहून सांगितली तर पुस्तकात वाचण्यापेक्षा जास्त पोचते.

रानवाटा

गडवेडा, किल्ल्याच्या विरोधात कोणी नाही, पण या खेपेला नको असंच मी म्हणेन. वर जायचं म्हणजे दोघांत फाटाफूट, बाबा आणि मुलगी तीन चार तास वर, आई एका हाताने लहानग्याला आणि दुसऱ्या हाताने आजींना सांभाळत खाली. आणि जो हरियाल बघायला मुलगी आली तो सकाळचा वेळ चढण्यात जाणार. शिवाय सुळक्याला आग्या मोहोळ असतात. वर कोणी आरडाओरडा केला, धूर केला, उग्र सेंट मारून गेलं की माश्या उठतात आणि मग त्या कोणाला बघत नाहीत. मोठ्यांना पळता येतं, लहान मुलाला त्या वाटेवर पळता येत नाही. थोडी मोठी झाली की खास किल्ल्यासाठी म्हणून घेऊन जा, वर गेल्यावर शांत राहा, छान होईल.

रेवती_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. किल्ला नाही, हरियाल वाट नक्की. नवरा म्हणाला पहाटे निघायचं असेल तर गाडीच बरी, परतीला शिरढोण करू. सासूबाईंना फडक्यांच्या घराचं सांगितलं तर त्या एकदम उत्साहात आहेत, काठी पण स्वतःच काढून ठेवली. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक म्हणजे पावसाळ्यात तिथे एक रंगीबेरंगी खंड्या येतो, त्याचे फोटो मुलीने बघितलेत, तो डिसेंबरात असेल का? आणि मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवले की ते जवळ येतात असं एकाने सांगितलं, मुलांसाठी तसं करावं का?

पानगळ

तो तिबोटी खंड्या. आपल्या रायगडचा जिल्हापक्षी आहे तो. जेमतेम चिमणीएवढा, पोट पिवळंधमक, पाठ निळी जांभळी, चोच आणि पाय लालकेशरी, आणि पायाला तीनच बोटं म्हणून तिबोटी. पावसाच्या सुरुवातीला येतो, ओढ्याच्या किंवा वाटेच्या कडेला मातीच्या उभ्या भिंतीत बीळ करून अंडी घालतो, पिल्लं मोठी झाली की पावसाळा संपता संपता निघून जातो. त्यामुळे डिसेंबरात नाही दिसणार. नवरंग पक्ष्याचंही तसंच, तो पण पावसाच्या तोंडावर येतो.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ठामपणे 'नाही' असंच आहे. कृपा करून आवाज वाजवू नका. पक्षी जवळ येतो कारण त्याला वाटतं आपल्या जागेत दुसरा नर घुसलाय. तो खाणं सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो, आपल्याला फोटो मिळतो आणि तो दमतो. आणि रविवारी एका सकाळी कितीतरी ग्रुप तेच करत असतील तर त्या पक्ष्याने काय करायचं? तिबोटीच्या बाबतीत तर मी स्वतः बघितलंय, बिळाच्या समोर ट्रायपॉडची रांग, फ्लॅश उडतायत, आणि तो बिचारा चोचीत पिल्लांसाठी पाल धरून समोरच्या फांदीवर ताटकळत बसलाय, आत जाता येत नाही. पाऊसकाळ किती दिवसांचा असतो, त्यात त्याला सगळं उरकायचं असतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं.

लेकीला त्याऐवजी ऐकायला शिकवा. घरी आधी आठवडाभर रोज एक आवाज ऐकवा, तांबट, कोतवाल, सर्पगरुड, शामा एवढे चार पुरे. मग जंगलात तो आवाज आला की ती स्वतःच ओळखेल आणि आजीला सांगेल. दुर्बीण नसेल तर कोणाची तरी मागून न्या, ८ बाय ४० ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी चांगली, त्याहून जास्त झूमची मुलांच्या हातात हलते आणि काही दिसत नाही. पट्टा गळ्यात अडकवूनच द्या. लहानग्याला वेगळी खेळण्यातली द्या म्हणजे भांडणं नाहीत.

पावसाळ्यात तिबोटीसाठी यायचंच असेल तर शनिवार रविवार सोडून या आणि शेवाळलेल्या दगडांवर आजींना नेऊ नका. ओढ्याजवळ शीळकरी कस्तुर ऐकायला मिळेल, पहाटे असा गातो की कोणीतरी माणूस निवांत शीळ घालत चाललाय असं वाटतं.

पनवेलकर_जुना

गाडीने येताय तर एकच सांगायचं राहिलं. प्रवेशाचं तिकीट आणि कॅमेऱ्याची फी वेगळी असते, रोख पैसे आणि सुटे जवळ ठेवा, नेटवर्क आलं तर आलं. पार्किंगला लावल्यावर गाडीच्या काचा पूर्ण वर करा, माकडं आत शिरतात. आणि सासूबाईंना जास्त चालवत नाही असं वाटलं तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्याच बाजूला ऐरोलीला खाडीकाठचं जैवविविधता केंद्र आहे, सपाट आहे सगळं आणि हिवाळ्यात फ्लेमिंगो असतात. ते पुढच्या रविवारी करा.